सुईचा सातवा अलाइनर

मित्रांनो, मला आधी उजेडात धरा, नाहीतर मी तुम्हाला दिसायचाच नाही. मी एक जुना अलाइनर आहे. पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा, वरच्या दातांवर टोपीसारखा बसणारा. माझ्या मागच्या कडेला सात हा आकडा बारीक कोरलेला आहे. माझी उजवी बाजू नीट पाहिलीत तर ती आत वळलेली दिसेल. ती जन्मापासून तशी नव्हती. ती कशी वळली तेच मला सांगायचं आहे. सांगताना माझा कंठ दाटून येतो असं म्हटलं असतं, पण मला कंठ नाही. नुसते दातांचे खळगे आहेत.

आमचं काम तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. काही मुलांचा वरचा जबडा अरुंद असतो. मग दात दाटीवाटीने उगवतात, बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत पडतात आणि घास नीट चावला जात नाही. हाड कोवळं आहे तोवर त्याला गोडीगुलाबीने रुंद व्हायला लावता येतं. ती गोडीगुलाबी म्हणजे आम्ही. आम्ही एकटे येत नाही, भावंडांची रांगच असते. प्रत्येक भाऊ आधीच्यापेक्षा किंचित रुंद, इतका किंचित की नुसत्या डोळ्यांना कळू नये. पहिला ढकलतो, दात तेवढे सरकतात, मग दुसरा येतो. एकाने घाई केली किंवा एकाने अंग चोरलं की पुढच्या सगळ्यांचा विचका. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आमच्या घराण्यावरूनच पडली असावी, असं मला लहानपणी वाटायचं.

माझा जन्म दातांच्या वस्तू बनवणाऱ्या एका कार्यशाळेत झाला. तिथे जाड चष्म्याची एक कारागीरबाई होती. तिच्या टेबलावर एका मुलीच्या वरच्या जबड्याची प्रतिकृती ठेवलेली होती. मी तेव्हा नुसती सपाट चकती होतो. बाईने मला यंत्रात धरून तापवलं. मी मऊ पडलो, आणि क्षणात त्या जबड्यावर दाबला गेलो. गार झालो तेव्हा मला आकार होता आणि कामही होतं. मग तिने माझ्या कडा कापल्या, घासल्या आणि प्रत्येक कडेवरून आपलं बोट फिरवलं.

"टोचता कामा नये बाबा," ती मला म्हणाली. "लहान पोरीच्या तोंडात जायचंय तुला."

तेवढ्यावर ती मला पाकिटात घालून मोकळी झाली, पण ते बोल मी जन्मभर विसरलो नाही.

ती मुलगी म्हणजे सुई. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण घरात तिला कुणी त्या नावाने हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. नववं सरून दहावं लागलेली, अंगाने काटकुळी, हनुवटी टोकदार. तिला सुई म्हणायला तिच्या आजोबांनी सुरुवात केली, कारण ते शिंपी होते. दुकान कधीच बंद झालं होतं, पण शिलाई मशीन पुढच्या खोलीत खिडकीजवळ होतं आणि बटणांचा पत्र्याचा डबा त्याच्यावर. घरात ते, सुई आणि सुईची आई. आई म्हणजे आजोबांची लेक. ती छापखान्यात कामाला होती आणि तिच्या नखांतली शाई कधी पूर्ण निघत नसे. बाबा ट्रक चालवायचे. ते घरी असले की घर भरलेलं वाटायचं, पण ते असायचे कमी.

डॉक्टरीणबाईंनी सुईला सगळा उपचार पहिल्यांदा समजावला तेव्हा आजोबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण हा किस्सा त्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की मला पाठ झाला. आजोबा म्हणाले होते, "म्हणजे शिवण उसवून कपडा सैल करायचा. वाढत्या अंगाच्या कपड्यात मी शिवणीला नेहमी जादा कापडाची माया ठेवायचो. देवाने हिच्या जबड्यात ठेवली नाही. शिकाऊ असणार."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त उसवायचं एकदम नाही."

न्हाणीघरातल्या फळीवर माझी निळी डबी असायची आणि शेजारी आजोबांच्या कवळीचा पेला. जेवायची वेळ झाली की त्या घरात गंमत चालायची. आजोबा दात लावून जेवायला बसत आणि सुई दात काढून. "एकाचे आले, एकाचे गेले," असं म्हणून आई ताटं वाढायची. ती कवळी वयाने मोठी आणि स्वभावाने थंड होती. मी माझ्या कामाच्या बढाया मारू लागलो की म्हणायची, "पोरा, तू माणसाला बदलायला निघालास. मी आहे त्यावर भागवते. बघू कोण जास्त टिकतं." मला तिचा राग यायचा. आज येत नाही.

सकाळी आम्हा दोघांना आजोबाच धुवायचे. जुना मऊ ब्रश, नळाचं पाणी, आणि दाढेच्या खळग्यात तर ते असं निगुतीने ब्रश फिरवायचे की जणू काजाला टाका घालताहेत. मग सुई मला दातांवर चढवायची आणि रबराचा छोटा तुकडा चावायची, म्हणजे मी नीट बसावा. हे चावणं कंटाळवाणं असतं. म्हणून आजोबांनी युक्ती काढली होती. ते रिकाम्या मशीनवर पाय मारायचे, आणि मशीनच्या ठेक्यावर सुईने चावायचं. "चाव, चाव, अजून चाव, आता बाही आली, आता कॉलर आली!" एक न शिवलेला सदरा पूर्ण होईपर्यंत हा कार्यक्रम चालायचा. असे किती सदरे त्या खोलीत हवेतल्या हवेत शिवून झाले असतील!

माझ्या आधीच्या सहा भावांनी चांगलं काम केलं होतं. बाजूचे दात बाहेर सरकू लागले होते. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली होती. सुई आरशासमोर उभी राहून दोन्ही बाजूंनी सफरचंद चावून पाहायची. मी आलो तेव्हा सगळं सुरळीत होतं, निदान तोंडाच्या आत तरी.

तोंडाबाहेर मात्र घराला एक घोर लागला होता. आजोबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वार. मग एके दिवशी नळ उघडा ठेवून ते झोपले आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळलं. त्यानंतर एकदा ते पायांत घरातल्या सपाता घालून बाहेर पडले आणि एका टपालवाल्याने त्यांना हाताला धरून परत आणलं. त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. आई भांडी घासत होती, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"ताई, आता पुरे झालं," मामा म्हणाला. "पुन्हा एकदा जरी असं काही झालं ना, तर मी येऊन अप्पांना घेऊन जाणार. तिथे बघायला चोवीस तास माणसं असतात. तुम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत. उद्या भलतंच काही झालं म्हणजे?"

"बघू रे," आई म्हणाली. "एवढ्यात नको."

"पुन्हा एकदा झालं तर. मग मी तुझं ऐकणार नाही."

सुई दाराआड उभी होती आणि मी तिच्या तोंडात. तिने माझ्यावर इतके करकचून दात दाबले की माझ्या उजव्या बाजूला एक पुसटशी रेघ उमटली. त्या क्षणी तिने मनाशी काय ठरवलं ते मला दातांवरून कळलं. आजोबांची पुढची चूक कुणाला कळू द्यायची नाही.

आणि पुढची चूक माझ्यावरच बेतली.

आई पहाटेच्या पाळीला गेली होती. आजोबांनी मला धुवायला हातात घेतलं, आणि त्यांना ती रेघ दिसली. त्यांनी मला खिडकीशी नेऊन पाहिलं. "सुरकुती पडली की," ते पुटपुटले. "गरम लागलं की जाईल." उभ्या आयुष्यात त्यांनी किती सुरकुत्या इस्त्रीने घालवल्या असतील. त्यांनी चहाचं आधण वाडग्यात ओतलं आणि मला त्यात सोडलं. मित्रांनो, ज्या उष्णतेने मला घडवलं ती मला ओळखीची होती, पण त्या वेळी माझ्याखाली जबड्याचा साचा होता. आता नव्हता. मी मऊ पडलो. आजोबांनी मला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि कॉलरची घडी दाबावी तसा माझ्या उजव्या बाजूवर अंगठा दाबला. मी गार झालो तो तसाच, आत वळलेला. रेघ मात्र खरंच गेली होती.

"बघ, कशी घडी बसली!" ते सुईला म्हणाले.

सुईने मला दातांवर चढवलं. उजवीकडे मी तिच्या हिरडीत रुतलो. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ओट्यावरचा वाडगा पाहिला, त्यातून निघणारी वाफ पाहिली आणि ती काय समजायचं ते समजली.

"बसला ना नीट?" आजोबांनी विचारलं.

"बसला," सुई म्हणाली.

आजोबांनी मशीनवर पाय मारायला घेतले. "चाव, चाव, आता बाही आली!" सुई चावत होती. एक बाही, दुसरी बाही, कॉलर. मग आजोबा आंघोळीला गेल्यावर तिने वाडगा रिकामा केला, पुसला आणि जागेवर ठेवला.

तुम्ही विचाराल, तिने अलाइनर हरवला असं का नाही सांगितलं? तिनेही तो विचार केला असणार. पण मी हरवलो असतो तर आईने पहिला प्रश्न आजोबांनाच केला असता, कारण मला रोज धुवायचे तेच. म्हणून ती गप्प बसली आणि मला घालत राहिली. मुकाट्याने सोसणं लहान मुलांना फार लवकर येतं. ते कुणी शिकवावं लागत नाही.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. जबडा रुंद करण्यासाठी माझा जन्म, आणि माझी उजवी बाजू तोच जबडा आत दाबत होती. भावांनी कमावलेलं मी घालवत होतो. टोचता कामा नये असं त्या बाईने मला सांगितलं होतं, आणि माझ्यामुळे सुईच्या गालाला आतून जखम झाली होती. ती एका बाजूने जेवू लागली. आई विचारायची, "सुई, घास का घोळवतेस?" ती म्हणायची, "भूक नाही." मला ओरडून सांगावंसं वाटायचं. माझ्यातून आरपार दिसतं, पण मला बोलता येत नाही.

आठव्या भावाची पाळी आली तेव्हा तो उजवीकडे बसेचना. आईने दाबून पाहिला, सुईने रबर चावून पाहिलं, काही उपयोग नाही. मग सगळे दवाखान्यात गेले. आजोबाही गेले, कारण त्यांना आता घरात एकटं ठेवत नसत. डॉक्टरीणबाईंनी मला दिव्यासमोर धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"हा उष्णतेने वळलाय," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात कुणी घातला?"

आईने सुईकडे पाहिलं.

"मी," सुई म्हणाली.

"अगं, काय म्हणावं तुला!" आई म्हणाली. "इतके महिने सांभाळून शेवटी हे? एवढं कळत नाही तुला?"

तेव्हा आजोबांनी खुर्चीतून हात लांब केला आणि सुईच्या डोक्यावर ठेवला. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "सुई, गरम पाण्यात घालायचं नसतं गं बाळा. गार पाण्यानेच धुवायचं. मी रोज कसा धुतो, बघत नाहीस का?"

मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. ती सकाळ त्यांच्याजवळ उरलीच नव्हती. सुईने त्यांच्याकडे पाहिलं. तिने खालचा ओठ वरच्या दातांखाली धरला.

"चुकलं, आजोबा," ती म्हणाली. "परत नाही करणार."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालातली जखम पाहिली होती. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जबड्याचं भरून काढू आपण. जरा मागे जाऊन पुन्हा सुरुवात करू. पण दुखलं की सांगायचं. कुणासाठीही गप्प बसायचं नाही." हे बोलताना त्या आईकडे का पाहत होत्या, ते मला नंतर कळलं.

मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आजोबांनी वाकून मला उचललं. "बटणसुद्धा टाकू नये माणसाने," असं म्हणत त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि घरी आल्यावर बटणांच्या डब्यात. तेव्हापासून माझं बिऱ्हाड तिथे आहे.

म्हणून पुढचं मी मशीनवरच्या डब्यातून पाहिलं. सुईचं माप पुन्हा घेतलं गेलं, नवी रांग आली, नवा सातवा आला. मशीनच्या ठेक्यावर पुन्हा सदरे शिवले जाऊ लागले. मला वाटलं, निभावलं. पण एका दुपारी, आजोबांच्या सोबतीला येणारी शेजारीण पोहोचण्याआधीच आईला कामावर जावं लागलं, आणि तेवढ्या अवधीत आजोबांनी आपली कवळी पातेल्यात घालून गॅसवर ठेवली. मग ते मशीनशी येऊन बसले. पाणी आटलं, पातेलं करपलं, पुसायच्या फडक्याने पेट घेतला. शेजारीण धावत आली म्हणून घर थोडक्यात बचावलं. फळीवरची माझी ती थंड स्वभावाची सोबतीण, आहे त्यावर भागवणारी कवळी, पातेल्याच्या तळाशी काळा गोळा होऊन पडली होती.

सुई शाळेतून आली तेव्हा दार उघडं होतं आणि जिन्यात माणसं होती. आजोबा खुर्चीत बसले होते, बोळक्या तोंडावर हात धरून, चारचौघांत उघडं पडल्यासारखे. आई शाईच्या हातांनीच धावत आली. सुई तिच्या कमरेला बिलगली आणि हुंदके देत म्हणाली, "आई, तो अलाइनर मी नव्हता घातला गरम पाण्यात."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

आईने मनगटाने तिचे डोळे पुसले. मग ती म्हणाली, "तू नाही बोललीस म्हणूनच."

दोघी एकाच भीतीने गप्प बसल्या होत्या, एकीला दुसरीची चाहूल असूनही. वेळेवर बोलल्या असत्या तर आजोबा त्या घरात राहिले असते, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. त्यांचं दुखणं तसं नव्हतंच. पण त्या दोघींना ते ओझं वेगवेगळं वाहावं लागलं नसतं, आणि माझ्या मते तेही थोडं नाही.

मामा आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आजोबांचे कपडे घड्या करून बॅगेत भरले आणि प्रत्येक घडीला नाक ओढलं. मशीन जागेवरच राहिलं. आजोबांनी एकच वस्तू स्वतः उचलली, हा बटणांचा डबा. निघताना सुईने त्यांना मिठी मारली, पण सोडायला मात्र तिला जमेना. शेवटी आजोबाच म्हणाले, "अगं सोड, दुकान उघडायला उशीर होतोय मला."

आता आम्ही दोघं एका स्वच्छ, लांबट खोलीत राहतो. खिडकीखाली खाट आहे, कोपऱ्यात बेसिन आहे. रोज सकाळी आजोबा डबा उघडतात आणि बटणांतून मला शोधून काढतात. नळाखाली आधी आपलं बोट धरतात. "गार आहे ना? गरम नको," असं स्वतःलाच बजावतात. मग मला धुतात, दाढेच्या खळग्यांतून निगुतीने ब्रश फिरवतात आणि नव्या कवळीच्या पेल्याशेजारी ठेवतात. इथल्या देखभालीच्या मावशी आधी हसायच्या. आता त्याच नळ सोडून देतात. नाव गेलं, गाव गेलं, वार गेले. दवाखान्यात सुईला सांगितलेलं ते एक वाक्य तेवढं त्यांच्याजवळ राहिलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्याकडे असेल तर तिला गार पाण्याने धुवा, डबीत ठेवा, जेवताना कागदात गुंडाळून विसरू नका. हे तर तुम्हाला कुणीही सांगेल. मी आणखी एक सांगतो. टोचत असेल तर बोला. आणि घरातलं एखादं माणूस एका बाजूने जेवताना दिसलं, तर ते सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. जवळ जा आणि विचारा.

परवा सुई आली होती. तिची आमच्या भावंडांची रांग केव्हाच संपली. उंच झाली आहे. हसते तेव्हा दोन्हीकडचे दात दिसतात, रुंद, एका ओळीत. मी आता तिच्या दातांवर बसूच शकणार नाही, आणि यातच माझं सगळं सुख आहे. ती खाटेवर आजोबांच्या शेजारी बसली. आजोबांनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं.

"दात छान आहेत हो तुमचे," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला अहोजाहो केलं.

"हो?" सुई म्हणाली.

"आमच्या सुईचेही असेच होणार आहेत." त्यांनी मला पेल्याशेजारून उचललं आणि तिच्या हातात ठेवलं. "हे तिचं आहे. ती शाळेतून आली की लागेल तिला. जरा धुऊन द्याल का? पण गरम पाणी नको हं. एकदा घातलं होतं तिने. पोरच ते. मी फार बोललो तिला त्या दिवशी."

"नाही हो," सुई म्हणाली. "तुम्ही काहीच बोलला नाहीत. डोक्यावरून हात फिरवलात तिच्या."

"खरंच?"

"खरंच."

ती उठून बेसिनपाशी गेली. तिची पाठ आजोबांकडे होती, म्हणून तिचा चेहरा फक्त मला दिसला. तिने नळ सोडला, आधी आपलं बोट धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"गार आहे, आजोबा," ती म्हणाली, आणि मला धुवायला लागली.